टाचेचं हाड

आईचा पाय मी टेबलावर घेतला, टाच पाटीवर नीट टेकवली, गुडघ्याखाली उशी सरकवली आणि सवयीनं म्हणाले, "हलायचं नाही हं." आई म्हणाली, "मी कुठे हलतेय, तूच थरथरतेयस." चौदा वर्षं मी या खोलीत एक्स-रे काढतेय. हजारो पाय या टेबलावर आले आणि गेले, पण आईचा पाय कधी आला नव्हता. सकाळी मागच्या दारातल्या ओल्या पायरीवरून ती घसरली, बाबा तिला आमच्याच हॉस्पिटलात घेऊन आले, आणि माझी सात महिन्यांची मुलगी, मुंगी, शेजारच्या काकूंकडे राहिली. मी ड्यूटीवर असले की मुंगी आई-बाबांकडेच असते. नवरा पुलांच्या कामावर लांब, महिन्यातून दोनदा येतो. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा सगळे म्हणाले, एवढंसं पोर सोडून जाताना जीव तुटत असेल. मी मान हलवली होती. खरं म्हणजे हॉस्पिटलचं फाटक ओलांडलं की मला मोकळा श्वास यायचा, पण असलं काही बोलायची सोय नसते.

काचेमागे जाऊन मी बटण दाबलं. पडद्यावर आईचा पाय उमटला. बाहेरच्या कडेच्या हाडाला केसाएवढी रेघ होती, हे आजचं. प्लास्टर घालावं लागेल, सहा आठवडे, असं मनातल्या मनात म्हणत असतानाच माझी नजर मागे सरकली आणि टाचेवर अडकली. टाचेच्या हाडाला वरच्या बाजूनं एक छोटा उंचवटा असतो. आईच्या टाचेला तो नव्हता. पाया खचून घर बसावं तसं ते हाड बसलेलं होतं, आणि तसंच पुन्हा सांधून, कडा गुळगुळीत होऊन, वर्षानुवर्षं चाललेलं होतं. मी बाहेर आले आणि सहज विचारावं तसं विचारलं, "आई, तू पूर्वी कधी जोरात पडली होतीस?"

"नाही गं," आई म्हणाली.

"सायकलवरून," बाबा म्हणाले. लाल दिवा विझला तसं त्यांनी दारातून डोकं आत घातलं होतं. दोन्ही उत्तरं एकदमच आली. मग आई म्हणाली, "हो हो, सायकलवरून. विसरलेच." माझ्या आईला सायकल येत नाही.

त्यानंतर मी जे केलं ते करायला नको होतं. "सरांनी दुसरा पाय आणि कंबरही बघायला सांगितलीय," असं खोटं सांगितलं. आई निमूटपणे कुशीवर वळली. दुसरी टाचही तशीच निघाली. कंबरेचा एक मणका पुढच्या बाजूनं दबून पाचरीसारखा झालेला. हे तीन फोटो एकत्र पाहिले की काय समजायचं ते आमच्या खात्यात नव्यानं आलेल्या मुलीलाही ठाऊक असतं. तरी मी ते फोटो सरांना दाखवले. सर आमचे मुख्य डॉक्टर. हाडं खरं बोलतात, खोटं बोलतात ते नातेवाईक, हा त्यांचा ठरलेला विनोद. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "उंचावरून पडलीय बाई. निदान दुसरा मजला. उभी पडलीय, पायांवर. तीसेक वर्षं सहज झाली असतील. कोण आहे?"

"आई," मी म्हणाले.

सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. त्या दिवशी त्यांनी पुढे एकही विनोद केला नाही.

आईला प्लास्टर घालून घरी सोडलं, मुंगीला काकूंकडून आणलं, आई कुरकुरत आडवी झाली, बाबांनी तिच्या पायाखाली दोन उशा दिल्या, मग उतरण बरोबर वाटेना म्हणून एक काढली. मी दाराशी उभी राहून बाबांचे हात पाहत होते. बोटं लांब, नखांत कायम तेलाची काळी रेघ. बाबा शिवणयंत्रं दुरुस्त करतात. मी अगदी तान्ही असेपर्यंत ते कारखान्यात फोरमन होते, मग नोकरी सोडून घराच्या पुढच्या खोलीत हे काम घेऊन बसले. का, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "साहेबाचं तोंड बघण्यापेक्षा सुईचं तोंड बरं." लोक हसायचे. मीही हसायचे. मी शाळेतून यायचे तेव्हा आई आणि बाबा दोघंही घरी असायचे; मैत्रिणींना त्याचा हेवा वाटायचा. आई मला न्हाऊ घालायची तेव्हा बाबा टॉवेल घेऊन दारात उभे. ताप आला तर उशाशी दोघं. आई बाजारात निघाली की बाबांच्या पायात चप्पल आधी. जोडा असावा तर असा, असं सगळे म्हणायचे. मला आठवतं तसं आम्ही कायम तळमजल्यावरच राहिलो. शाळेत पालकांना वरच्या वर्गात बोलावलं की बाबा वर यायचे आणि आई खाली झाडाशी थांबायची. माझ्या लग्नानंतर मी तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं, त्याला सहा वर्षं होत आली, आई एकदाही आली नाही. गुडघे दुखतात म्हणायची. पण घरी ती रोज जमिनीवर मांडी घालून बसायची.

माणूस असा उलटायला किती वेळ लागतो? मला एक दुपार पुरली. जुन्या फिल्मवर काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं दिसायचं, तसं सगळं बालपण फिरून माझ्यासमोर आलं. दारातला टॉवेल आता पहारा झाला. आईच्या वतीनं दिलेली उत्तरं म्हणजे तिच्या तोंडावर ठेवलेला हात. ते नोकरी सोडून घरी बसले ते प्रेमानं नव्हे, तिनं कुणाशी बोलू नये म्हणून. बाबांनी आवाज चढवल्याचं मला एकदाही आठवत नव्हतं, आणि तेच आता सगळ्यांत भयंकर वाटायला लागलं. एवढं शांत राहायला माणसाला केवढं काय दाबावं लागत असेल! आमच्या कामात पहिला धडा असा की एकाच बाजूनं काढलेल्या फोटोवर विश्वास ठेवायचा नाही. हाड समोरून अखंड दिसतं आणि कुशीवरून मोडलेलं निघतं. हा धडा मी नव्या मुलींना दरवर्षी शिकवते. स्वतःच्या घराबाबत मात्र तो मला आठवला नाही.

तीन दिवस मी गप्प राहिले. मुंगीला सकाळी सोडायची, संध्याकाळी घ्यायची. चौथ्या दिवशी आई गोळी घेऊन आतल्या खोलीत झोपली होती. मुंगी तिच्या शेजारी, आणि बाबा दारातून दिसेल अशा जागी यंत्र उघडून बसलेले. मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसले.

"बाबा, आई सायकलवरून पडली नव्हती."

ते स्क्रू फिरवत राहिले.

"दुसऱ्या मजल्यावरून पडली होती. दोन्ही टाचा मोडल्या, मणका मोडला. मी फोटो पाहिलेत." माझा आवाज मलाच परका वाटत होता. "तुम्ही ढकललंत तिला?"

बाबांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मला अजून आठवते; हिशोब चुकत होता तो अचानक जुळावा, तसं काहीतरी त्या नजरेत होतं.

"हो," ते म्हणाले.

"का?"

"राग आला होता."

"कशाचा?"

त्यांनी स्क्रूड्रायव्हर पुन्हा उचलला. "आता इतक्या वर्षांनी कुठे आठवणार," ते पुटपुटले. आणि मग, जवळजवळ घाईनं, "तिचा काही दोष नव्हता. तिचा कशातच दोष नव्हता. हे लक्षात ठेव. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. पण पोरीला तिच्याकडे आणत जा."

मी आत गेले, झोपलेल्या मुंगीला उचललं, तिची पिशवी भरली आणि बाहेर पडले. बाबांनी अडवलं नाही. उलट, दाराची कडी त्यांनीच काढून दिली.

मी रजा टाकली. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघी राहिलो, मी आणि मुंगी. आईचा फोन आला की मुंगीला सर्दी आहे म्हणायची. नवऱ्याला काही सांगितलं नाही. एवढं मोठं फोनवर सांगायचं कसं? मुंगी गुणी आहे. दूध पिते, पालथी पडते, पंख्याकडे बघून हसते. मी तिच्याकडे बघत बसायची आणि माझ्या आत काहीच हलायचं नाही. समोरच्याचं मूल बघावं तसं. झोप येत नव्हती. ती झोपली तरी येत नव्हती. सकाळ झाली की पुढचा दिवस ओल्या गोधडीसारखा अंगावर पडायचा. मी स्वतःला सांगायची, हा बाबांचा धक्का आहे. अशा बापाची मुलगी दुसरं काय होणार? आणि मग तो प्रसंग डोळ्यांपुढे यायचा, जो मी पाहिलाच नव्हता: एक गॅलरी, आईची पाठ, आणि मागून येणारे दोन हात. दिवसातून दहादा यायचा. भांडी घासताना, दुधाची बाटली उकळताना. लांब बोटं, नखांतली काळी रेघ. रजेच्या चौथ्या दिवशी दुपारी मुंगीला खांद्यावर घेऊन मी येरझाऱ्या घालत होते, तेव्हा ते हात पुन्हा आले, आणि या वेळी मी ते नीट पाहिले. नखं स्वच्छ होती. उजव्या हाताच्या पाठीवर भाजल्याचा डाग होता. तो माझा डाग आहे.

मी गॅलरीच्या उंबऱ्यापासून दोन पावलांवर उभी होते. कधी तिथवर आले ते मला समजलं नव्हतं. एक विचार आला. तो काही पहिल्यांदा आला नव्हता. तो गेले चार महिने येत होता आणि वाक्य पुरं व्हायच्या आत मी तो मोडून टाकत होते. मी मागे सरकले, मुंगीला जमिनीवर सतरंजीवर ठेवलं, आणि सुतळी शोधून गॅलरीच्या दाराची कडी बांधली. पाच-सहा वेढे दिले. गाठीवर गाठ मारली. मग स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला पाठ लावून बसले, आणि मुंगी तिकडे एकटीच आवाज काढत राहिली.

रजेच्या पाचव्या दिवशी सकाळी जिन्यात आवाज आला. धप्. मग थोडी सामसूम. पुन्हा धप्. कुणी जड पोतं ओढत आणतंय असं वाटलं. बराच वेळ तो आवाज वर वर येत राहिला, तेव्हा मी दार उघडलं. आई होती. जिन्याकडे पाठ करून पायरीवर बसली होती, प्लास्टरचा पाय पुढे ताणलेला. हातांवर जोर देऊन एक पायरी वर सरकायची, दम खायची, पुन्हा सरकायची. तिसरा मजला यायला चार पायऱ्या उरल्या होत्या. तिचे डोळे गच्च मिटलेले होते.

"आई! अगं, वेडी आहेस का?"

"आधी वर घे," ती डोळे न उघडता म्हणाली. "खाली दिसतंय का ते सांगू नकोस."

मी तिला काखेत हात घालून आत घेतलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. बाबा एक यंत्र पोचवायला गेले, तेवढ्यात ती टॅक्सीनं एकटी निघाली होती. पाणी पिऊन तिनं घरभर नजर फिरवली. माझ्या घरात ती पहिल्यांदाच बसली होती. मुंगीकडे पाहिलं, मला वाटलं आता हात पुढे करेल, पण केला नाही. तिची नजर गॅलरीच्या दारावर थांबली.

"तुझ्या बाबांनी मला ढकललं नाही," ती म्हणाली. "काल रात्रीचं जेवण त्यांना जाईना, तेव्हा खोदून खोदून विचारलं. ते तुला हो म्हणाले, हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. त्यांनी आयुष्यात डास मारला असेल तर शपथ."

"मग कशी पडलीस?"

"पडले नाही. उडी मारली." ती थांबली. "आणि तू माझ्या हातात होतीस."

बाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं. सुरू होत नव्हती. मी तो आवाज ऐकत राहिले.

आई सांगत गेली, सपाट आवाजात, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. मी चार महिन्यांची होते. ते दुसऱ्या मजल्यावर राहत होते. "तू रडायचीस असं नाही. तू अगदी शहाणी होतीस. तेच तर. एवढं चांगलं मूल आणि मला काहीच वाटत नाही, म्हणजे मी माणूसच नव्हे, असं वाटायचं. मग वाटायला लागलं, हिला अशी आई मिळाली, हिला यातून सोडवायला हवं. तेव्हा ते मला अगदी शहाणपणाचं वाटत होतं गं. दुपारी भांडी घासून पालथी घातली आणि गॅलरीत गेले." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पाय सुटले, आणि त्याच क्षणी कळलं की चूक झाली. दोन मजले असतात केवढे? पण तेवढ्यात मी तुला वर धरलं. दोन्ही हातांनी, डोक्याच्या वर. पाण्यात धरतात तसं. खाली बांधकामाची वाळू होती. मी उभीच आदळले. तुला ओरखडासुद्धा आला नाही."

म्हणून दोन्ही टाचा. म्हणून मणका. पायांवर उभी पडलीय, असं सर म्हणाले होते. हात वर होते, हे फोटोत दिसत नाही.

"बाबांनी सगळ्यांना सांगितलं, कठडा मोडला. स्वतः जाऊन कठडा मोडून आले, कुणी बघायच्या आत. तुला माझ्यापासून काढून नेतील म्हणून. मग नोकरी सोडली. तुला वाटलं असेल पहारा देत होते. घाबरत होते ते. लांबून दोन्ही सारखंच दिसतं."

"आणि आत्ता हो का म्हणाले?"

"तू मुंगीला माझ्याकडे द्यायला घाबरू नयेस म्हणून. त्यांना वाटलं, एक गुन्हेगार मिळाला की तू पुढे शोधणार नाहीस." आई खुर्चीत पुढे झुकली. "पण मी त्यांचं नाव धुवायला आले नाही. ते काम फोनवरही झालं असतं. तीन मजले दुसऱ्याच गोष्टीसाठी चढले. गेले दोन-तीन महिने तुझा चेहरा बघतेय. तू पोरीला माझ्या हातात देतेस ना, तेव्हा सुटल्यासारखी देतेस." तिनं दाराकडे बोट केलं. "ती सुतळी कशाला बांधलीस?"

"कबुतरं येतात."

"नुसती कडी लावली तरी कबुतरं येत नाहीत. मला नको सांगू."

मी उभीच होते. सतरंजीवर मुंगी स्वतःच्या पायाचा अंगठा पकडायला धडपडत होती, निसटत होता, पुन्हा पकडत होती. मला वाटलं, बोलले की सगळं संपेल. नवरा, नोकरी, पोर, सगळं. आणि मग मी ते वाक्य पहिल्यांदा पुरं केलं. मोठ्यानं. आईसमोर. ते इथे पुन्हा लिहिणार नाही.

आई दचकली नाही. देवाचं नाव घेतलं नाही, अगं बाई म्हणाली नाही. ताप किती दिवस आहे असं विचारावं तसं तिनं विचारलं, "किती महिने?"

"चार."

"रोज?"

"रोज."

"मला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मला वाटतं. चल, चपला घाल. तुझ्याच हॉस्पिटलात असेल ना कुणी डॉक्टर यासाठी? की तिथे सगळ्यांना फक्त हाडंच समजतात?"

मी हसले की रडले ते आठवत नाही. आई खुर्चीतून उठायला लागली आणि अर्ध्यावर थांबली, कारण पुढे जिना होता, आणि आता तो उतरायचा होता.

आमच्या खात्याच्या पुढे, त्याच बोळाच्या टोकाला मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंची खोली आहे. चौदा वर्षं मी त्या खोलीवरून चहाला जात होते. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकलं, एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही, आणि म्हणाल्या, बाळंतपणानंतर येणारा हा आजार आहे, याला औषध आहे, आणि तुम्ही वेळेत आलात. वेळेत, हा शब्द मी घरी जाईपर्यंत मनात घोळवत होते. नवरा महिनाभराची रजा घेऊन आला. त्याला सांगताना मला तीन वेळा थांबावं लागलं. त्या दिवसापासून मुंगीची अंघोळ आणि दूध त्यानं हातात घेतलं, धड जमलं नाही तरी सोडलं नाही. लगेच बरं वाटलं नाही. पहिले तीन आठवडे तर औषधानं नुसती तोंडाला कोरड पडायची. मग एके दिवशी मुंगी पंख्याकडे बघून हसली आणि मलाही हसू आलं, आणि ते आलंय हे मला नंतर समजलं.

बाबांकडे जायला मला त्यानंतरही पंधरा दिवस लागले. ते पुढच्या खोलीत एक जुनं, पायानं चालवायचं यंत्र उघडून बसले होते. मला बघून त्यांनी स्टुलावरचे भाग उचलून जागा केली. आत आई कुणाशीतरी फोनवर बोलत होती.

"तुम्ही हो का म्हणालात, बाबा?"

"तू विचारलंस. काहीतरी उत्तर तर द्यायला हवं होतं."

"आणि मी तुम्हाला कायमची सोडून गेले असते तर?"

"तर गेली असतीस. पोर आणि आई तरी एकमेकींना राहिल्या असत्या." त्यांनी चाकाला हातानं एक फेरा दिला, कान लावून ऐकलं, तेलाचा एक थेंब सोडला. "मला जुळवून बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. तू आणखी दोन प्रश्न विचारले असतेस तर मी पकडला गेलो असतो. घाबरलो होतो मी."

"मी विचारले नाहीत."

"नाही."

त्यांनी पुन्हा चाक फिरवलं. आता ते आवाज न करता फिरलं. ते थांबल्यावर त्यांनी त्यावर फडकं फिरवलं. मग माझ्याकडे न पाहता, अगदी साध्या आवाजात, तक्रार म्हणून नव्हे, म्हणाले, "एवढंच की, तू इतक्या लवकर मानशील असं वाटलं नव्हतं."

  मी स्टूल थोडं पुढे ओढलं, आणि त्यांनी हात पुढे केला तेव्हा हवा तो स्क्रू त्यात ठेवला.